प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : सेन्सरपासून संगणकापर्यंत

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : पडद्यावर आकडा दिसतो, पण तो पटत नाही. आकडा पटला नाही की सगळे आधी प्रोग्राम उघडून बसतात. दोष बऱ्याचदा तारेत, ग्राउंडमध्ये (शून्य व्होल्टच्या सामायिक जोडणीत) किंवा पुरवठ्यात असतो. म्हणून खालच्या उत्तरांत प्रोग्रामपेक्षा जोडणीलाच जास्त जागा दिली आहे. पत्रं जागेअभावी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लायब्ररीतल्या पुस्तकात संगणकाच्या प्रिंटर पोर्टवरून एलईडी लावणं, एडीसी०८०४ (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) जोडून तापमान वाचणं असे प्रयोग टर्बो सीमध्ये दिले आहेत. माझ्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. यूएसबीवरून प्रिंटर पोर्ट करणारी केबल मिळते, ती चालेल का? नाहीतर सुरुवात कशाने करू?
— विद्यार्थी, कराड

उत्तर : ती केबल घेऊ नका, पैसे वाया जातील. पुस्तकातला प्रोग्राम ३७८ या हेक्स पत्त्यावर थेट बाइट लिहितो आणि पोर्टच्या आठ डेटा पिना त्याच क्षणी वर-खाली होतात. यूएसबीच्या केबलला असा पत्ता नसतो. ती फक्त प्रिंटरशी प्रिंटरच्या भाषेत बोलते. शिवाय विंडोज एक्सपीपासून पुढच्या आवृत्त्या साध्या प्रोग्रामला हार्डवेअर पोर्टला हात लावू देत नाहीत. म्हणजे जुना डेस्कटॉप मिळाला तरी त्यावर डॉस हवं.

पुस्तक मात्र परत करायची घाई नको. एडीसी०८०४ मध्ये 'रूपांतर सुरू कर' असा इशारा द्यायचा, ते संपायची वाट पाहायची आणि मग आठ बिट वाचायचे, हा क्रम आजच्या मायक्रोकंट्रोलरच्या (एका चिपमधल्या छोट्या संगणकाच्या) पोटातही तसाच चालतो. तो प्रकरणातून समजून घ्या आणि प्रयोग आर्डुइनो उनो (आर३) या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर करा. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये १० बिटांचा एडीसी आहे. तो शून्य ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची.

खरेदी अशी करा : उनो बोर्ड, ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग जोडायची पट्टी), जंपर तारा, २२० ओहम, १ किलोओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर प्रत्येकी दहा, १० किलोओहमचा एक पोटेन्शिओमीटर, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन आणि १०० नॅनोफॅरडचे पाच कॅपॅसिटर, दोन-चार बीसी५४७ ट्रान्झिस्टर, तितकेच १एन४००७ डायोड, एक एलएम३५ (तापमानाचा सेन्सर). आणि मल्टिमीटर. तो उसना चालणार नाही, स्वतःचा हवा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. स्वस्त बोर्डावर बहुधा सीएच३४० ही यूएसबी चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागू शकतो. बोर्डाचा दिवा लागतो पण संगणकाला बोर्ड दिसत नाही, असं झालं तर आधी केबल बदला. मोबाइल चार्जिंगच्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच.

पहिला प्रयोग एलईडी लुकलुकवण्याचा करतात. करा, पण त्यात मोजायला काही नाही. त्यापेक्षा हा करा. पिन ८ पासून १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला १०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरचा धन पाय, त्याच सांध्यावरून एक तार ए० या व्होल्टेज मोजणाऱ्या पिनला. कॅपॅसिटरचा पट्टा असलेला पाय ग्राउंडला. प्रोग्राममध्ये पिन ८ दहा सेकंद लो (शून्य व्होल्ट) ठेवा म्हणजे कॅपॅसिटर रिकामा होईल, मग हाय (५ व्होल्ट) करा आणि सहा सेकंद दर ५० मिलिसेकंदांनी ए० वाचून वेळेसकट छापा. आकडा शून्यावरून वर चढत वाकत जाईल. तो ६४७ ला, म्हणजे १०२३ च्या ६३.२ टक्क्यांना, कधी पोचतो ते पाहा. हिशोबाने १ सेकंद यायला हवा. ०.८ ते १.२ सेकंदांमधलं काहीही आलं तरी घाबरू नका, या कॅपॅसिटरवर छापलेली किंमतच २० टक्के इकडेतिकडे असते. रेझिस्टर मल्टिमीटरने मोजा आणि उलट गणित करून तुमच्या हातातल्या कॅपॅसिटरची खरी किंमत काढा. आकडा बराच खाली, समजा ९००च्या आसपास, अडकून बसला तर कॅपॅसिटर गळतोय किंवा उलटा लावलाय.

कॉलेजात एक्सपआइज नावाचा छोटा डबा आहे का, तेही विचारा. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने तो शिकण्यासाठीच बनवला आहे. १२ बिटांचं मोजमाप, तरंग निर्माण करायची सोय आणि पायथनमधलं मोफत सॉफ्टवेअर त्यात आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगांना उत्तम. जोडणीत हात बसवायचा असेल तर मात्र आधी ब्रेडबोर्डच.

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयात मुलांना एलएम३५ आणि उनोने खोलीचं तापमान नोंदवायला दिलं. खोलीतल्या थर्मामीटरवर ३० अंश असताना एका गटाला ३१.७, दुसऱ्याला ३०.३ दिसतात. रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) चालू झाला की आकडा दीड अंशाने उडी मारतो. लांब तार लावली की तो सतत नाचतो. वीस वाचनांची सरासरी घेऊनही अर्ध्या मिनिटाची एक लाट येत राहते. सेन्सर खराब समजायचे का?
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : सेन्सर ठीक असावेत. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत.

पहिलं, दोन गटांतला फरक. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३० अंशांना ३०० मिलिव्होल्ट. उनो हे व्होल्टेज स्वतःच्या ५ व्होल्ट पुरवठ्याशी ताडून पाहतो, आणि यूएसबीवरून येणारे ५ व्होल्ट क्वचितच ५ असतात. लांब किंवा बारीक केबलवर ४.७ सहज होतात. तसं झालं की ३०० मिलिव्होल्टला ६१ ऐवजी ६५ हा आकडा येतो. प्रोग्राम बिचारा ५ व्होल्ट धरून गुणाकार करतो आणि ३१.७ अंश छापतो. तुमच्या पहिल्या गटाचं नेमकं हेच झालेलं दिसतं. त्या गटाच्या बोर्डावर ५ व्होल्ट आणि ग्राउंड या पिनांमध्ये मल्टिमीटर लावून बघा.

उपाय म्हणजे चिपमधला १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ वापरणं. सेटअपमध्ये अ‍ॅनालॉगरेफरन्स या आज्ञेला 'इंटर्नल' सांगायचं. पायरी १.०७ मिलिव्होल्टची, म्हणजे सुमारे ०.१ अंशाची होते (आधी ती अर्ध्या अंशाची होती) आणि यूएसबीचा पुरवठा हलला तरी आकडा हलत नाही. मर्यादा ११० अंशांची, खोलीला पुरून उरते. पण हा संदर्भ प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तो सुरू केल्यावर एरेफ या संदर्भाच्या पिनवर मल्टिमीटरने मोजा आणि आलेली किंमत त्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये लिहा. बोर्डाला चिठ्ठी चिकटवून तीवर लिहून ठेवलं तर पुढच्या वर्षीच्या मुलांचेही कष्ट वाचतील. एरेफ पिनला बाहेरून काही जोडलेलं असेल तर ते आधी काढा, आणि संदर्भ बदलल्यानंतरची पहिली काही वाचनं सोडून द्या.

दुसरं, रिलेची उडी. ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर घेते. सेन्सरचं आणि रिलेचं ग्राउंड ब्रेडबोर्डच्या एकाच पट्टीवरून एकाच जंपरने बोर्डाला गेलं असेल, तर जंपर आणि सांधे मिळून ०.२ ओहम रोध सहज असतो. ७० मिलिअँपिअर गुणिले ०.२ ओहम म्हणजे १४ मिलिव्होल्ट. सेन्सरचं ग्राउंड तेवढं वर उचललं जातं आणि एलएम३५च्या हिशोबात १४ मिलिव्होल्ट म्हणजे १.४ अंश. उनोवर ग्राउंडच्या तीन पिना आहेत त्या यासाठी वापरा : सेन्सरची तार एका पिनला स्वतंत्र, रिलेची दुसऱ्या पिनला. दोघांची गाठ बोर्डावरच पडू द्या, ब्रेडबोर्डवर नको.

तिसरं, लांब तार. एलएम३५च्या आउटपुटला ५० पिकोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटन्स सहन होत नाही. शिल्डवाली तार मीटरमागे शंभर पिकोफॅरडच्या घरात असते. मग सेन्सर स्वतःच थरथरायला लागतो आणि कितीही सरासरी काढली तरी ती चुकीच्या आकड्यांचीच सरासरी. सेन्सरच्या पायाला लागून, बोर्डाकडे नव्हे, २ किलोओहमचा रेझिस्टर आउटपुटच्या तारेत घाला. जोडीला सेन्सरच्या पुरवठा आणि ग्राउंड पायांमध्ये १०० नॅनोफॅरड. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून पुरवठा, आउटपुट, ग्राउंड असा क्रम येतो. उलटा लावला तर सेन्सर बोट भाजेल इतका तापतो. मुलांकडून हे होणारच, तेव्हा दोन जास्तीचे आणून ठेवा.

चौथं, ती लाट, आणि हिच्यात शिकवण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. तुमची मुलं बहुधा वीस वाचनं पाठोपाठ घेतात. एका वाचनाला सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो, म्हणजे वीस वाचनं २ मिलिसेकंदांत संपतात. घरातल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची, तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. आवर्तनाच्या दहाव्या हिश्श्यात घेतलेली सरासरी गुणगुण पुसत नाही, फक्त तिचा एक तुकडा पकडते. आणि पुढचं वाचन बरोब्बर १ सेकंदाने घेतलं तर तुकडा जवळपास तोच येतो, कारण सेकंदात पन्नास पूर्ण आवर्तनं बसतात. आपल्याकडे ग्रिडची वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखायचा प्रयत्न असतो, त्यामुळे तो तुकडा दर सेकंदाला किंचित सरकतो. ४९.९७ हर्ट्झ असेल तर ३३ सेकंदांत एक फेरी पूर्ण होते. तीच तुमची अर्ध्या मिनिटाची लाट. बोर्डाचं घड्याळ काटेकोर नसल्याने तिचा काळ रोज बदललेलाही दिसेल.

वीस वाचनं एकेक मिलिसेकंदाच्या अंतराने घ्या. पूर्ण आवर्तन सरासरीत आलं की वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना खातात. लाट एकदम मावळते. मुलांना आधीचा आणि नंतरचा आलेख एकाखाली एक छापायला सांगा.

वाचनं वाढवायची झाली तर एक खाच आहे. उनोवर इंट या प्रकारात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. १०२३ ची ३२ वाचनं मिळवली तर ३२,७३६ होतात, जेमतेम बसतात. तेहतिसाव्याला बेरीज उणे होते. खोलीच्या तापमानाला हे कळणारही नाही, आणि कोणीतरी सेन्सर गरम पाण्यात धरला की अचानक उणे अंश दिसतील. बेरीज लाँग या मोठ्या प्रकारात ठेवा.

प्रश्न : ए१ पिनला काहीच जोडलेलं नाही, तरी ३०० ते ४०० असे आकडे येतात आणि ए० चा पोटेन्शिओमीटर फिरवला की तेही हलतात. बोर्ड बिघडला का?
— वाचक, नांदेड

उत्तर : नाही. सहाही अ‍ॅनालॉग पिनांना मिळून एकच एडीसी आहे आणि त्याच्या दारात १४ पिकोफॅरडचा इवलासा कॅपॅसिटर. ए० वाचताना तो भरतो. ए१ मोकळी असेल तर त्यातला भार जायला वाट नसते, म्हणून मागचाच आकडा पुन्हा दिसतो. न वापरलेली पिन वाचूच नका. जोडलेल्या पिनवरही असं होत असेल तर त्या सर्किटचा रोध जास्त आहे : चिप बनवणाऱ्यांची अपेक्षा १० किलोओहम किंवा त्याहून कमी अशी आहे. पिन आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरड लावा, किंवा प्रत्येक पिन दोनदा वाचून पहिलं वाचन फेकून द्या.

प्रश्न : उनोकडून येणारे आकडे पायथनने सीएसव्ही (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या) फाइलमध्ये साठवतो. पहिल्या काही ओळी गायब किंवा अर्धवट असतात. एकदा रात्री वीज गेली, सकाळी फाइल जवळपास रिकामी. बोर्डाने छापलेली वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांतही दिवसाकाठी काही मिनिटांचा फरक पडतो.
— अभियांत्रिकी विद्यार्थी, नागपूर

उत्तर : पायथनने सिरियल पोर्ट उघडला की उनो रीसेट होतो, त्याची रचनाच तशी आहे. बूटलोडर (सुरुवातीला चालणारा बोर्डाचा छोटा प्रोग्राम) संपून तुमचा प्रोग्राम सुरू व्हायला दीड-दोन सेकंद जातात. पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद थांबा, इनपुट बफर रिकामा करा, त्यानंतरची पहिली ओळ वाचून टाकून द्या आणि मग नोंद सुरू करा. ओळीत अपेक्षित तितके स्वल्पविराम नसतील तर ती ओळ सोडा, प्रोग्राम पाडू नका. आर्डुइनोची सिरियल मॉनिटरची खिडकी उघडी असेल तर पायथनला पोर्ट मिळणार नाही.

फाइल रिकामी राहिली कारण पायथन लिहिलेलं आधी मेमरीत साठवतो. प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा, म्हणजे मेमरीतलं फाइलमध्ये उतरवा, आणि दर दिवसाची फाइल वेगळी ठेवा म्हणजे एखादी बिघडली तरी एकच दिवस जाईल. लॅपटॉपचं स्लीप बंद करायला विसरू नका. रात्रीच्या नोंदी गायब होण्यामागे विजेपेक्षा स्लीप जास्त वेळा सापडतो.

वेळ संगणकाची घ्या, बोर्डाची नको. उनोच्या मुख्य चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्यात अर्धा टक्का चूक असली तरी दिवसाला सात मिनिटं होतात. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, नाहीतर एक्सेल ५ मार्चचा ३ मे करून ठेवतं.

तुम्ही वेगाचं विचारलेलं नाही, पण पुढचं पत्र त्याचंच येईल. ९६०० बॉडला (सिरियल पोर्टचा वेग) सेकंदाला ९६० अक्षरं जातात. चार वाहिन्यांची ओळ स्वल्पविरामांसकट २१ अक्षरांपर्यंत जाते, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४५ ओळी. त्याहून जास्त छापायला सांगितलं की बोर्ड छापण्यापाशी अडकून राहतो आणि वाचनांमधलं अंतर ताणलं जातं, तेही काही न सांगता. दोन्हीकडे ११५२०० करा.

प्रश्न : घरगुती कोंबडीपालनासाठी अंडी उबवण्याची पेटी बनवली आहे. ४० वॅटचे दोन दिवे, पंखा, पाण्यात चालणारा डीएस१८बी२० सेन्सर, उनो आणि एक रिले मॉड्यूल. ३७.५ च्या खाली दिवे लावायचे, वर गेलं की विझवायचे असा प्रोग्राम आहे. रिले सारखा कटकट करतो. बोर्ड सुरू होताना दिवे क्षणभर उगाच लागतात. एकदा सेन्सरची तार निघाली आणि सगळी अंडी शिजली. काय सुधारू?
— शेतकरी, ता. माण

उत्तर : शेवटच्या गोष्टीपासून सुरू करू, कारण ती पुन्हा झाली तर आग लागू शकते. डीएस१८बी२०ची तार तुटली की नेहमीची लायब्ररी उणे १२७ अंश परत देते. तुमच्या प्रोग्रामने ते '३७.५ च्या खाली' असं वाचलं आणि दिवे चालूच ठेवले. पुरवठा नुकताच आलेला असताना हाच सेन्सर ८५ देतो, तेही खरं तापमान नसतं. वाचन १० च्या खाली किंवा ४५ च्या वर असेल तर ते तापमान धरू नका, बिघाड धरा : दिवे बंद आणि बझर चालू. खोलीत थंड असलेली पेटी सुरू करतानाही अडचण येत नाही, कारण माणच्या थंडीतही बंद घरात १० च्या खाली सहसा जात नाही.

प्रोग्रामवर सगळा भार टाकू नका. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर प्रोग्राम काहीही करू शकत नाही. दिव्यांच्या फेज तारेत ४५ अंशांना तोडणारा केएसडी३०१ जातीचा छोटा थर्मोस्टॅट ओळीने घाला, पेटीच्या वरच्या भागात, पंख्याच्या झोतात. तो अंडी वाचवेलच असं नाही, पेटी आणि घर वाचवेल. त्याच तारेत १ अँपिअरचा फ्यूज. दोन दिवे मिळून ०.३५ अँपिअरच घेतात.

आता कटकट. एकाच आकड्यावर लावणं-विझवणं ठेवलं की तापमान त्या आकड्याभोवती थरथरतं आणि रिलेही. सेन्सरची पायरी ०.०६ अंशाची आहे, म्हणजे एक पायरी खाली की चालू, एक वर की बंद. दोन आकडे ठेवा : ३७.४ च्या खाली लावा, ३७.६ च्या वर विझवा, मधल्या पट्ट्यात आहे ते तसंच राहू द्या. शिवाय एकदा बदल केल्यावर किमान २० सेकंद पुन्हा बदल नको. या छोट्या रिलेचं भाराखालचं आयुष्य सुमारे १ लाख वेळा चालू होण्याइतकं असतं. दर दहा सेकंदांनी एकदा चालू झाला तर दिवसाला ८,६४० वेळा, म्हणजे बाराव्या दिवशी लाख भरले. पिल्लं एकविसाव्या दिवशी येतात. यापेक्षा बारीक नियंत्रण हवं असेल तर सॉलिड स्टेट रिले (हलते भाग नसलेला) घ्या, पण तो बिघडताना बहुधा 'चालू' स्थितीत बिघडतो. वरचा थर्मोस्टॅट मग ऐच्छिक राहत नाही. पंखा कशालाही जोडू नका, सतत फिरू द्या.

सुरुवातीचा झटका : तुमचं मॉड्यूल पिन लो झाली की रिले ओढणारं आहे. पिनमोडने पिन आउटपुट केली की ती आधी लो होते, आणि हाय लिहीपर्यंत रिले ओढला जातो. सेटअपमध्ये क्रम उलटा करा, आधी डिजिटलराइट हाय आणि मग पिनमोड आउटपुट.

मॉड्यूल न घेता सुटा रिले वापरणाऱ्यांसाठी : पिनपासून १ किलोओहम, बीसी३३७ चा बेस, एमिटर ग्राउंडला, कॉइल ५ व्होल्ट आणि कलेक्टरच्या मध्ये, आणि कॉइलवर १एन४००७ असा की पट्टा ५ व्होल्टच्या बाजूला. डायोड विसरलात तर पहिल्या काही वेळा चालेलही. मग ट्रान्झिस्टर जाईल. बीसी५४७ची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, ७० ला तो चालतो पण काठावर. पिनवरून थेट कॉइल कधीच नाही, पिन २० मिलिअँपिअरच्या पुढे ताणू नये.

आणि सेन्सर तपासून घ्या. अस्सल डीएस१८बी२०चीही चूक अर्ध्या अंशापर्यंत असू शकते, बाजारात नकली भरपूर आहेत, आणि अंड्यांना अर्धा अंश जाणवतो. थर्मासमध्ये ३८ अंशांच्या आसपासचं पाणी घ्या, त्यात सेन्सर आणि तापाचा डिजिटल थर्मामीटर शेजारी शेजारी धरा, पाणी ढवळत राहा, थर्मामीटर वाजला की दोन्ही आकडे लिहा. फरक प्रोग्राममध्ये मिळवा किंवा वजा करा.

प्रश्न : माझ्याकडच्या छोट्या रिले मॉड्यूलवर '१० अँपिअर २५० व्होल्ट' लिहिलंय. विहिरीवरची ५ एचपी थ्री-फेज मोटर त्यावरून चालू करता येईल का?
— शेतकरी, निफाड

उत्तर : नाही. ही मोटर चालताना ७ अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या सहापटीपर्यंत, आणि तीन फेज आहेत. रिलेने स्टार्टरची फक्त बटणं दाबायची : एक रिले हिरव्या बटणाला समांतर, एक सेकंद ओढून सोडायचा, दुसऱ्याचा एनसी (एरवी जोडलेला राहणारा) कॉन्टॅक्ट लाल बटणाच्या ओळीत. ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग) आहे तसाच राहू द्या. पण आधी स्टार्टरच्या कॉइलवर काय छापलंय ते पाहा. आपल्याकडे ती बऱ्याचदा ४१५ व्होल्टची असते, आणि २५० व्होल्टचा रिले त्या बटणांवरही लावायचा नसतो. वायरमनकडून २३० व्होल्टची कॉइल बसवून घ्या. न्यूट्रल लागेल, ती विहिरीवर आहे का तेही पाहा. कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोठा स्विच) सुटताना बोर्ड रीसेट होत असेल तर कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ दर्जाचा कॅपॅसिटर ओळीने लावा, आणि बोर्ड स्टार्टरच्या पेटीत ठेवू नका.

प्रश्न : कारखान्यात ५ मीटर टाकीचा ४ ते २० मिलिअँपिअरचा, पातळी करंटने सांगणारा लेव्हल ट्रान्समीटर आहे, दोन तारांचा. तो ३० मीटरवरून उनोला कसा आणू? २५० ओहम लावा असं सगळीकडे लिहिलंय.
— मेंटेनन्स टेक्निशियन, चाकण

उत्तर : २५० ओहमला २० मिलिअँपिअरवर बरोबर ५ व्होल्ट येतात आणि बोर्डाचा पुरवठा ४.८ असेल तर टाकी भरायच्या आधीच आकडा १०२३ ला चिकटतो. २२० ओहम, १ टक्का, मेटल फिल्म घ्या. २४ व्होल्टच्या पुरवठ्याचा धन ट्रान्समीटरच्या धनला. ट्रान्समीटरचा ऋण २२० ओहमच्या वरच्या टोकाला. खालचं टोक पुरवठ्याच्या ऋणला आणि उनोच्या ग्राउंडला. वरच्या टोकापासून १० किलोओहममधून ए० ला, आणि ए० ते ग्राउंड १०० नॅनोफॅरड. तो १० किलोओहम वगळू नका : ट्रान्समीटर शॉर्ट झाला तर त्या टोकावर पूर्ण २४ व्होल्ट येतात आणि चिप वाचायची आशा त्याच्यावरच असते. ३० मीटरने काही बिघडत नाही, करंट तारेच्या रोधाला जुमानत नाही, म्हणून तर उद्योगात ही पद्धत रुळली.

५ व्होल्ट संदर्भावर ४ मिलिअँपिअरला १८० आणि २० ला ९०१ येतील, म्हणजे ७२१ पायऱ्यांत ५ मीटर, पायरीला सुमारे ७ मिलिमीटर. हे आकडे कागदावरचे. टाकी रिकामी असताना आणि भरलेली असताना प्रत्यक्ष येणारे दोन आकडे प्रोग्राममध्ये घाला. वाचन १६२ च्या खाली, म्हणजे ३.६ मिलिअँपिअरच्या खाली गेलं तर तार तुटली आहे, टाकी रिकामी झालेली नाही. तेव्हा पंप चालू करू नका.

प्रश्न : माझा डेटा लॉगर साधारण दीड महिना व्यवस्थित चालतो आणि मग नोंदी करणं थांबवतो. रीसेट केलं की पुन्हा ठीक.
— वाचक, मडगाव

उत्तर : उनो सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा मिलीस हा मोजक ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. प्रोग्राममध्ये 'पुढची वेळ' साठवून मिलीस तिच्या पुढे गेलं का असं तपासलं असेल, तर त्या सुमाराला ती तुलना फसते. 'मागची वेळ' साठवा, मिलीसमधून ती वजा करा आणि फरक ठरलेल्या अंतराइतका झाला का ते पाहा. दोन्ही अनसाइन्ड लाँग (उणे न होणारा मोठा आकडा) असतील तर शून्यावरून पुढे गेल्यावरही वजाबाकी बरोबर येते.